गायकवाड सिस्टरांची गादी ओली कोणी केली?

शकुंतला गायकवाड यांच्यावर अन्याय झाला. गेल्या श्रावणातल्या दुसऱ्या शुक्रवारी, दुपारी तीन ते चारच्या मध्ये, कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये. तेही त्यांच्या स्वतःच्या, खरेदीखतात लिहिलेल्या जागेत. करणाऱ्यांनी कुणाला हात लावला नाही, शिवी दिली नाही, काही चोरलं नाही. त्यांनी एक ओला तंबू मिटला. "आवरून ठेवलं हो फक्त," असं आमचे सेक्रेटरी अजूनही म्हणतात.

त्या आवरण्यातून एक माणूस मेला. ते सांगणारच आहे, पण आधी सिस्टर कोण ते सांगते. इथल्या लोकांनी इतकी वर्षं त्यांच्याबरोबर एका लिफ्टमधून ये-जा केली आणि त्यांची ओळख काय ठेवली, तर 'लटांबरवाल्या बाई'.

सिस्टर सरकारी हॉस्पिटलातून निवृत्त झाल्या त्या वॉर्डाच्या प्रमुख म्हणून. बुटक्या, ताठ, केसांचा घट्ट अंबाडा, आणि आवाज असा की दोन मजले खालचा माणूससुद्धा आपलंच काही चुकलं असं समजून सरळ उभा राहील. घरात शिरल्यावर समोर बुद्धाची मूर्ती आणि मूर्तीच्या बाजूला, फुलदाणी असावी तिथे, धुतलेल्या चादरींची चळत. त्यांना कुणाच्याही घरी नेलं की त्या आधी पलंगाकडे बघत. माणसांकडे नंतर.

त्यांची एक सवय होती. अंथरूण कोरडं आहे की नाही हे त्या हातानं बघत नसत. वाकून गाल टेकवत. डोळे मिटून, कुणाचं तरी ऐकल्यासारख्या. "नर्सच्या हाताचं काही खरं नाही," त्या म्हणायच्या, "हात जन्मभर पाण्यात. त्यांना ओल कळत नाही. गाल खोटं बोलत नाही."

मला त्या पहिल्यांदा भेटल्या तेव्हा मी तापानं पडले होते. तळमजल्यावर आम्ही तिघी मुली भाड्यानं राहतो. मी कामवाल्या बायकांच्या लिफ्टबंदीविरुद्ध पत्रकं वाटत असते, त्यामुळे बिल्डिंगमधलं कुणी आमच्या दारात येत नाही. सिस्टर आल्या. मला बघितलं नाही, आधी गादीला गाल लावला.

"मटकी भिजत घातली आहेस का हिच्यात?"

"काय?"

"उद्या मोड येतील. ऊठ."

"सिस्टर, मला ताप आहे."

"तो गादीमुळेच आहे. ऊठ म्हणते ना."

मला खुर्चीत बसवलं, माझ्या दोन्ही मैत्रिणींना कामाला लावलं, गादी भिंतीला उभी करून तिच्यामागे पंखा लावला, आणि जाताना दारातून म्हणाल्या, "क्रांती करायची तर करा. पण ओल्या अंथरुणात झोपून नका करू. सगळे न्यूमोनियानं मराल आणि लिफ्ट त्यांचीच राहील."

त्यांचे यजमान, गायकवाड काका, शाळेत भूगोल शिकवत. महाराष्ट्रातली सगळी धरणं, सगळे घाट तोंडपाठ, पण शाळा, शिकवण्या आणि सिस्टरांच्या दिवसपाळ्या-रातपाळ्या यातून बघायला जाणं कधी झालंच नाही. निवृत्तीनंतर जायचं ठरलं होतं. निवृत्ती आली आणि तिच्या पाठोपाठ अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. एकच शब्द शिल्लक राहिला : "वा." भाकरी पुढ्यात आली, वा. इंजेक्शन टोचलं, वा. मी नवीन पत्रक वाचून दाखवलं, तरी वा. "बघ," सिस्टर मला म्हणायच्या, "तुला एवढी दाद आणखी कोण देतं?"

खराडीतलं एक आयटीतलं जोडपं परदेशी निघालं होतं. त्यांच्याकडून सिस्टरांनी कॅम्पर ट्रेलर घेतला. गाडीच्या मागे जोडायची दोन चाकांवरची चपटी पेटी. झाकण उलटं पाडलं की आतून जाड ताडपत्रीचा तंबू उभा राहतो आणि त्याच्या आत, जमिनीपासून वर, फळीचा पलंग तयार होतो. नातेवाईक म्हणाले, या वयात? सिस्टर म्हणाल्या, "यांच्या वयात नाही, माझ्या वयात. गाडी मी चालवणार आहे." आणि चालवली. कर्वे रस्त्यावरून, मागे ते धूड घेऊन, सत्तरीला आलेली बाई. मागून हॉर्न वाजवणाऱ्याकडे त्या आरशातून अशा बघत, की तो बिचारा पुढच्या सिग्नलपर्यंत गप्प.

या सगळ्यात महत्त्वाची होती ती गादी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होतात. त्या होऊ नयेत म्हणून मुद्दाम घेतलेली जाड फोमची गादी. ती एकच होती. घरी तीच, तंबूतही तीच. काकांच्या माकडहाडावर पूर्वी एकदा जखम झाली होती आणि ती भरून आणायला सिस्टरांना कित्येक महिने लागले होते. तिथली कातडी कागदासारखी झाली होती. "फोम पाणी पितो आणि सांगत नाही," त्या म्हणायच्या. "वरून कोरडा, आत तळं."

मी त्यांच्याबरोबर एकदाच गेले, पानशेतच्या बाजूला. रात्र छान गेली. सकाळी काकांनी पाण्याकडे बघून तीन वेळा वा म्हटलं आणि चौथ्याला पाऊस आला. साधा नाही, आडवा. शेजारी कुठल्याशा कंपनीतल्या पोरांचा तसलाच तंबू होता. त्यांनी सगळे करतात तेच केलं. धावपळ करून आधी तंबू पाडला. त्यांच्या उशा, रजया, स्लीपिंग बॅगा सगळं त्या ओल्या ताडपत्रीच्या घडीत दाबलं गेलं.

त्यातला एक ओरडला, "आज्जी, पाऊस वाढतोय! तंबू पाडा आधी!"

"तुम्ही पाडा. मला घाई नाही."

सिस्टरांनी काकांना छत्रीखालून गाडीत बसवलं. मग तंबूत परतल्या, पडदा आतून बंद केला, अंग पुसून कोरडा गाऊन चढवला. ओल्या अंगानं पलंगाला हात लावायचा नाही हा नियम. भर पावसात, तंबू उभा असतानाच, त्याच्या आत त्यांनी चादरी घडी केल्या, उशा चादरीत गुंडाळल्या, गादीची वळकटी केली आणि हॉस्पिटलात पेशंटखाली घालतात ते लाल रबरी कापड तिच्याभोवती आवळून बांधलं. मला गाडी मागे घ्यायला लावली, वारा नव्हता त्या बाजूच्या तंबूच्या खिडकीला गाडीचं दार चिकटेपर्यंत. वळकटी खिडकीतून थेट मागच्या सीटवर, काकांच्या शेजारी. ट्रेलरमध्ये नाहीच. मग रिकाम्या फळीवर प्लॅस्टिक पसरलं आणि सगळ्यात शेवटी तंबू पाडला. तो तर निथळत होता.

"तंबू भिजला की, सिस्टर," मी म्हटलं.

"भिजणारच. तो त्यासाठीच आहे."

तो पोरगा जवळ आला. "आज्जी, याचा एक व्हिडिओ टाका ना कुठंतरी. भारी चालेल."

"टाकते. तू आधी तुझी उशी पीळ."

परत येताना वायपरच्या आवाजात त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली. त्यांचं लहानपण नदीकाठच्या वस्तीत गेलं. पावसाळ्यात पत्रा गळायचा, खालूनही पाणी यायचं. त्यांची आई अंथरुणाची वळकटी मांडीवर घेऊन पाटावर बसून राहायची, पाऊस थांबेपर्यंत. "आम्ही पोरं भिजायचो. आम्हाला पुसता येतं. अंथरूण मांडीवर, आम्ही खाली. मला तेव्हा राग यायचा आईचा." मागे काका म्हणाले, वा. सिस्टर म्हणाल्या, "तुम्हाला काय जातंय वा म्हणायला."

ओला तंबू मिटलेला ठेवता येत नाही. दोन दिवसांत बुरशी धरते, फळी कुजते. म्हणून घरी पोचलं की त्याच दिवशी तो उघडून वाळवायचा. कुठं? कोथरूडच्या फ्लॅटमध्ये तंबू उघडायला अंगण कुठलं? पार्किंगच्या आपल्या जागेत, स्लॅबखाली, टेबलफॅन लावून, एक दुपार. पहिली दोन वर्षं कुणी काही म्हणालं नाही. पोरं आत शिरून खेळायची, सिस्टर त्यांना चपला काढायला लावायच्या.

मग कमिटी बदलली. व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज आला : "पार्किंगमध्ये भटक्यांचे पाल पडल्यासारखे दिसते. सोसायटीच्या लौकिकाचा प्रश्न आहे." त्याच पार्किंगमध्ये सेक्रेटरींच्या मुलीच्या लग्नाचा मांडव चार दिवस होता. तेव्हा लौकिक मांडवाखाली जेवत होता. गच्चीवर वर्षभर सगळ्या घरांच्या रजया वाळतात. त्या 'आपल्या' रजया.

जनरल बॉडीत विषय निघाला. मी भाडेकरू, मला आत बोलायचा हक्क नाही, दाराशी उभी होते.

"सिस्टर, आपण सगळे सुशिक्षित लोक आहोत," सेक्रेटरी म्हणाले.

"मग खरेदीखत वाचता येत असेल. पार्किंग माझं आहे."

"पार्किंग म्हणजे गाडी लावणं हो. राहणं नव्हे."

"राहतंय कोण? मी वाळवतेय."

"तेच ते. हे असलं वस्तीत चालतं."

"कुठल्या वस्तीत?"

कुणीतरी पंखा वाढवायला उठलं.

"नाव घ्या ना," सिस्टर म्हणाल्या. "मी वस्तीतच जन्मले. मला ओळखीची असेल."

जात कुणी काढली नाही. आमच्याकडे ती काढावी लागत नाही. लौकिक म्हटलं, स्वच्छता म्हटलं, 'असलं' म्हटलं की काम होतं, आणि इतिवृत्तात काही डाग राहत नाही. ठराव झाला : पार्किंगमध्ये तंबू उभारू नये. विरोधात एकच हात. त्यांचा.

आता तो शुक्रवार.

सिस्टर सकाळी पावसातूनच परतल्या होत्या. गादी गाडीतून कोरडी आली. काकांना वर खुर्चीत बसवलं. तंबू उघडला, कारण न उघडून चालणारच नव्हतं, आणि ठराव नियमाला धरून नाही असं त्यांनी आधीच लेखी कळवलं होतं. गादीला प्रवासातला घाम लागलेला, तिचं कव्हर धुवायला काढलं होतं. त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनं उघडी गादी त्यांनी तंबूतल्या फळीवर पंख्यासमोर ठेवली. ओली ताडपत्री चहूबाजूंनी ताणलेली, गादीपासून लांब. मग काकांना भरवायला आणि खुर्चीत सरकवून बसवायला त्या वर गेल्या.

खाली आल्या तेव्हा ट्रेलरची पेटी बंद होती. पट्टे करकचून आवळलेले. वरून साखळी आणि कुलूप. पंखा कोपऱ्यात, वायर नीट गुंडाळून.

आवरणाऱ्यांना काय केलं ते कळलं नव्हतं असं समजू नका. त्या दिवशी कामावर असलेल्या वॉचमननं मला नंतर सांगितलं, "ताई, मी म्हनलं सेक्रेटरी सायबांना, आत गादी हाय. सायेब म्हनले, असू दे, मिट."

अख्ख्या रात्रीचा पाऊस प्यालेली ती ताडपत्री त्यांनी उघड्या फोमवर घडी करून दाबली. अंथरुणाच्या बाबतीत याहून वाईट काही करता येत नाही. गादी नदीत टाकली असती तर निदान लगेच बाहेर काढता आली असती.

चावी सेक्रेटरींकडे. सेक्रेटरी संध्याकाळी मुलीकडे नाशिकला. फोनवर म्हणाले, "सोमवारी बघू. नियम म्हणजे नियम." पोलीस चौकीत म्हणाले, "सोसायटीचा अंतर्गत मामला आहे, मॅडम." चावीवाला म्हणाला, कमिटीचा माणूस उभा राहू दे, मग उघडतो.

मी म्हटलं, "सिस्टर, हातोडा आणते."

"नको."

"का नको? तुमचा ट्रेलर आहे!"

"तू तोडलंस तर ते आंदोलन. मी तोडलं तर ती चोरी." मग अगदी हळू, मला कधी न ऐकवलेल्या आवाजात, "एवढी वर्षं ते याच एका कारणाची वाट बघतायत गं. उद्या कुलूप दाखवतील आणि म्हणतील, बघा. मग गादीचं कोण विचारणार?"

काकांना कपाटातल्या जुन्या कापसाच्या गादीवर निजवलं. श्रावणातला कापूस, हवेनंच दमट. सिस्टरांनी इस्त्री फिरवून बघितली, गाल लावून बघितला, चादरीवर चादर घातली. त्या झोपल्याच नाहीत. दर थोड्या वेळानं काकांना कुशीवर करायच्या, पाठ पुसायच्या, पावडर लावायची, पुन्हा कूस. रविवारी दुपारी मी चहा घेऊन गेले तेव्हा त्या काकांच्या पाठीशी उभ्या होत्या. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग. बोटानं दाबला तरी पांढरा पडत नव्हता.

"माझ्या वॉर्डात हे कधी होऊ दिलं नाही," त्या म्हणाल्या. मला नाही, भिंतीला.

सोमवारी दुपारी कुलूप निघालं. झाकण उघडताच वास आला. गादी त्यांनी गुडघ्यानं दाबली, आणि पार्किंगच्या फरशीवर पाण्याचा ओहोळ सरळ सेक्रेटरींच्या बुटांपर्यंत गेला. ते एक पाऊल मागे सरले. तेवढंच. नवीन गादी मागवली होती, पण ती बाहेरगावाहून यायची होती. आली तेव्हा काका हॉस्पिटलात होते, जखम हाडापर्यंत गेली होती आणि विष रक्तात उतरलं होतं. मी भेटायला गेले, नवं पत्रक वाचून दाखवलं. ते माझ्याकडे बघत राहिले. काही म्हणाले नाहीत. गौरी बसायच्या आत ते गेले.

सेक्रेटरी भेटायला आले, हात जोडून. "वय झालं होतं, सिस्टर."

"तुमचंही झालंय," सिस्टर म्हणाल्या. "बसा. चहा घेणार?"

ते बसले नाहीत.

सिस्टर आता वाघोलीला बहिणीकडे असतात. त्या गेल्या तो दिवसही पावसाचाच. रिक्षा फाटकाशी उभी, एक बॅग आत ठेवलेली. मला वाटलं आता निघतील. त्या पार्किंगमध्ये गेल्या, ट्रेलरचे पट्टे सोडले, झाकण उलटं पाडलं आणि तंबू उभा केला. एकट्यानं. खांब ताणले, खिडक्यांचे पडदे गुंडाळून बांधले, फळी कोरड्या फडक्यानं पुसली. फळीवर काहीच नव्हतं. वरच्या गॅलऱ्यांमधून माणसं बघत होती, खाली कुणी आलं नाही. वॉचमन दोन पावलं पुढे येऊन थांबला. सिस्टर त्याला म्हणाल्या, "मी मिटणार नाही. ज्याला मिटायचाय त्यानं आत वाकून बघावं, आणि मग मिटावा." पदर खोचला आणि पावसातून, छत्री न उघडता, रिक्षाकडे चालत गेल्या. पाठ ताठ. मागे वळून बघितलं नाही.

तंबू अजून उभा आहे. येत्या रविवारी सकाळी तो उचलून न्यायला कमिटीनं क्रेन बोलावली आहे. ट्रेलर गेला की त्या शुक्रवारी काही घडलं होतं याची खूण उरणार नाही. मग ते फक्त वय झालेल्या एका माणसाचं मरण.

म्हणून आमच्या बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या आणि ठरावाच्या वेळी मांडीवर हात ठेवून बसलेल्या तुम्हाला सांगते. सही नको. निषेध नको. ग्रुपवर हात जोडलेलं चित्र तर अजिबात नको. रविवारी क्रेन यायच्या आधी तुमच्या पलंगावरची गादी उचला, जिन्यानं खाली आणा आणि त्या तंबूभोवती, तुमच्या-तुमच्या पार्किंगच्या जागेत, वाळत घाला. चाळीस घरांच्या चाळीस गाद्या. त्यांना उचलू दे. आणि हे वाचणारे तुम्ही दुसऱ्याच कुठल्या सोसायटीत राहत असाल, तर तिथंही कमिटी आहे, ठराव आहे, आणि 'असलं' म्हणून बाजूला काढलेलं एक घर आहे. त्या घराचं अंथरूण तुमच्या जागेत वाळू द्या, आणि ते मिटायला कुणी आला तर मध्ये उभे राहा.

रविवारी. गादी घेऊन खाली या.